दहावा सूचक

तालुक्याचं नाव सांगत न्हाई. जालना जिल्ह्यातला आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की दोन मिनिटांत लोक बराबर ओळखतील, आणि मला अजून याच गावात, याच गाळ्यात दुकान चालवायचंय. निवडणूक होऊन गेली, गुलाल धुऊन निघाला, लोकांनी फ्लेक्सच्या कापडाच्या शेळ्यांच्या गोठ्याला झडपा केल्या, तरी माझी भीती काही गेली न्हाई. आत्ताही हे लिहून राह्यलो तर शटर अर्धं खाली ओढून बसलोय, आणि बाहेर मोटारसायकल थांबली की हात थांबतो. हसा खुशाल.

तहसील कचेरीसमोर बाजार समितीचे गाळे आहेत, त्यातल्या एकात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. दस्तलेखकाचं लायसनही आहे. वारसाचा अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, उत्पन्नाचा दाखला हरवल्याचा अर्ज, सगळं आमच्याकडं. आणि कागद कोणताही असो, तळाला डाव्या कोपऱ्यात तो लिहिणाऱ्या दस्तलेखकाची सही लागते. ती माझी. दिवसाला तीस-चाळीस सह्या, आणि हे तीस वर्षं चाललंय. बायको म्हणते, झोपेतसुद्धा तुमचं बोट गोधडीवर सही करत फिरतं.

आता राजकारण. आमच्याकडं पाट्या बदलतात, झेंडे बदलतात, गळ्यातल्या रुमालाचा रंग बदलतो, पण घरं दोनच. मी मिसरूड फुटल्यापासून मतदान करून राह्यलो आणि त्याच दोन घरांतला एक निवडून येतो. हा कंटाळवाणा झाला की तो, तो डोक्यावर बसला की परत हा. एका घराकडं बाजार समिती, म्हणजे आमचे गाळे. दुसऱ्या घराकडं शाळा-कॉलेजं. नावं घ्यायची न्हाईत म्हणून मी त्यांना गाळेवाले आणि कॉलेजवाले म्हणतो. माझा गाळा पहिल्यांचा, आणि माझी एकुलती एक पोरगी दुसऱ्यांच्या कॉलेजात तासावर शिकवायची. रसायनशास्त्र. एम.एस्सी.ला चांगले मार्क पाडून आली आणि तासाच्या हिशोबानं नोकरीला लागली, पुढंमागं कायम करू म्हणाले होते. म्हणजे माझा एक पाय एकाच्या दारात बांधलेला, दुसरा दुसऱ्याच्या. अशा माणसानं तोंड बंद ठेवावं की न्हाई?

पण माझं तोंड! सकाळी साडेनऊला समोरच्या टपरीवर चहा घेता घेता मी जे सुरू व्हायचो ते विचारू नका. “अरे, यांच्या बापांना आमच्या बापांनी मत दिलं, यांना आम्ही दिलं, आता यांच्या पोरांना आमच्या पोरांनी द्यायचं का? तिसरा माणूस जन्मालाच आला न्हाई का तालुक्यात?” लोक हसायचे, मला चेव चढायचा. टपरीवरच्या शौर्याला खर्च लागत न्हाई.

ते ऐकणाऱ्यांत एक डॉक्टर होते. खरं तर डॉक्टर न्हाईत, गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली होते, पण धावड्यापासून घनसावंगीपर्यंत जिथं जिथं बदली झाली तिथं लोकांनी त्यांना डॉक्टरच म्हटलं. माझ्या सासऱ्याची म्हैस अडली होती तेव्हा भर पावसात चिखल तुडवत आल्ते, कोपरापर्यंत हात घालून रेडकू मोकळं केलं, आणि वर चहासुद्धा बिनसाखरेचा मागितला. रिटायर झाल्यावर आमच्याच गावात राह्यले. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, मला लेका म्हणायचे.

विधानसभा लागली आणि एके दिवशी डॉक्टर दुकानात येऊन म्हणाले, “लेका, अर्ज टाईप कर. मी उभा राहून राह्यलो. अपक्ष.”

मला वाटलं थट्टा करताहेत. “डॉक्टर, डिपॉझिट जाईल.”

“जाऊ दे. निवडून यायला कोण चाललंय? पण त्या मशिनीवर तिसरं एखादं बटण तर दिसू दे. लोकांना दाबायचं असलं तर दाबायला जागा पाहिजे का न्हाई? तूच तर म्हणतो रोज.”

मी म्हणालो, हो हो, बिलकुल. आणि अर्ज काढून दिला.

इथं एक गोष्ट सांगावी लागते. मोठ्या पक्षाचा उमेदवार असला की त्याच्या अर्जावर एक सूचक पुरतो. सूचक म्हणजे त्याच मतदारसंघातला मतदार, जो सही करून म्हणतो की या माणसाला उभं करा. अपक्षाला मात्र दहा लागतात. दहातला एक कमी झाला की अर्ज बाद. डॉक्टरांना ओळखणारी माणसं हजारोंनी असतील, पण कागदावर सही करणारी दहा माणसं जमवायला त्यांना सहा दिवस लागले. प्रत्येकाचा काही ना काही धागा कुठंतरी अडकलेला. कुणाची ऊस तोडीची पाळी, कुणाच्या सुनेची अंगणवाडी, कुणाच्या भावाचं राशन दुकान.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तीन वाजता खिडकी बंद. सव्वादोनला डॉक्टर काळीपिवळी जीपमधून नऊ माणसं घेऊन आले, माझ्या दुकानासमोर उतरले. दहावा माणूस आपल्या गाडीवर येतो म्हणाला होता. त्याचा फोन बंद. परत लावला, बंद. त्याच्या गावात दुसऱ्याला लावला, तर तो म्हणाला, ते तर सकाळीच सोयऱ्याकडं गेलते, कधी येतील सांगता येत न्हाई. अडीच वाजले. नऊ माणसं दुकानाच्या पायरीवर उभी, कुणी कुणाकडं बघत न्हाई. मी मान खाली घालून उगंच झेरॉक्सच्या मशीनचं झाकण पुसून राह्यलो.

डॉक्टर म्हणाले, “लेका, तुझं नाव यादीत असंल ना?”

अहो, मतदारयादी माझ्याच टेबलावर पडलेली. न्हाई कसं म्हणणार? गाळा दिसला, पोरगी दिसली. तोंडातून निघालं, “आहे.” नऊ जण माझ्याकडं बघत होते, टपरीवाला पोह्यांचा झारा हातात धरून बघत होता, आणि इतकी वर्षं याच टपरीवर मी काय काय बोललो ते त्या सगळ्यांनी ऐकलेलं. शूर म्हणून सही केली न्हाई मी. लाज वाटली म्हणून केली. पेन टेकवला आणि सही झाली, नेहमीची, एका झटक्यात. तीनला सात मिनिटं कमी असताना अर्ज आत गेला.

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पाच वाजता दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. पुढं बसलेला गाळेवाल्यांचा माणूस आणि मागं बसलेला कॉलेजवाल्यांचा. मी डोळे चोळले. एकमेकांच्या लग्नाला न जाणारे हे लोक, गेल्या निवडणुकीत यांनी एकमेकांच्या गाड्या फोडल्या, आणि आज एकाच गाडीवर! एक असता तर दुसऱ्याच्या आडोशाला गेलो असतो. आता आडोसा कोणाचा घ्यायचा?

“काय मामा, धंदापाणी?” गाळेवाला म्हणाला. मला तालुक्यात बरेच जण मामा म्हणतात.

“चाललंय,” मी म्हणालो.

दोघं बाकावर बसले. चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा. आवाज चढवला न्हाई, शिवी दिली न्हाई. चढवला असता तर बरं झालं असतं. कॉलेजवाला म्हणाला, “ताई छान शिकवतात म्हणं. पोरं नाव काढतात. यंदा कायमच्या जागा निघणार आहेत.” गाळेवाला वर छताकडं बघत म्हणाला, “या गाळ्याचा करार कधी संपतो मामा? मार्चात ना?” मी मान हलवली.

“डॉक्टर भला माणूस आहे,” गाळेवाला म्हणाला, “पण म्हातारपणी त्याची उगंच फजिती व्हायला नको. त्याच्याच भल्याचं आहे. उद्या अकराला छाननी. तुम्ही फक्त एवढं लिहून द्यायचं, की अर्जावरची सही माझी न्हाई. बस. दहाचे नऊ झाले की विषय संपला. टाईप तुम्हीच करा, तुमच्यासारखं कोणाला जमतंय?”

आणि मी केलं. माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच कॉम्प्युटरवर. ‘मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर उमेदवाराच्या नामनिर्देशनपत्रावर सूचक म्हणून दिसणारी सही माझी नसून, ती कोणी केली याची मला माहिती नाही.’ शुद्धलेखनाची एक चूक न्हाई. प्रिंट काढली, कागद सरळ केला, आणि तीस वर्षं जे करतोय ते केलं. तळाला डाव्या कोपऱ्यात, लिहिणाऱ्याच्या जागी, झटक्यात माझी सही ठोकली.

कॉलेजवाल्यानं कागद उचलला आणि कपाळावर हात मारला. “अहो मामा! काय केलं हे? सही माझी न्हाई म्हणून लिहिलं आणि खाली तीच सही?”

मी ततपप करायला लागलो. “सवय... सवय आहे हो...”

दोघं हसले. मीही हसलो. तसलं हसू देवानं कुणाला देऊ नये. तो कागद फाडला, दुसरा काढला, त्यावर सही करू दिली न्हाई. गाळेवाला उठताना म्हणाला, “उद्या निवडणूक अधिकारी मॅडमसमोर करा सही. पण वेगळी करा मामा. जरा पलटून. आज रात्रभर प्रॅक्टिस करा पायजे तर.” आणि खांद्यावर हात ठेवून गेला. तो हात अजून जाणवतो.

घरी येऊन मी खरंच प्रॅक्टिस केली. वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर. आडनाव आधी, मंग पहिलं अक्षर. उभी सही, तिरपी सही. प्रत्येक वेळी शेवटच्या वळणाला हात आपल्याच वाटेनं जायचा. बायको भाकरी थापून राह्यली होती, तिनं एकदा वळून बघितलं आणि परत तव्याकडं तोंड केलं. पोरगी कॉलेजातून आली, पर्स टाकली, आणि कागद उचलून म्हणाली, “अप्पा, ही कोणाची सही?”

मी सांगितलं सगळं. सांगता सांगता रडलो. पन्नाशी उलटलेला बाप पोरीसमोर रडतोय, तेही भीतीनं. म्हणालो, “तुझ्यासाठीच करून राह्यलो गं.”

तिनं कागद परत ठेवले. “तुम्हाला जे वाटतं ते करा अप्पा. डॉक्टरकाकांचा अर्ज राहो न राहो, मी तुम्हाला काही म्हणणार न्हाई. पण माझ्या नोकरीचं नाव सांगू नका. मी तुम्हाला सांगितलं न्हाई तसं करायला.”

बायको म्हणाली, “मस्तगडला माझ्या भावाकडं जाऊन बसा उद्या दिवसभर. जालन्यात कोण शोधतंय? न्हाई म्हणायला नको, हो म्हणायला नको.” मला ते एकदम पटलं. पण पळून जायलासुद्धा थोडं धाडस लागतं. रस्त्यात कुणी बघितलं तर? एस.टी. स्टँडवर दोघांचीही माणसं असतात. राह्यलो गावातच.

दुसऱ्या दिवशी तहसीलच्या मोठ्या खोलीत छाननी. पंखा चालू असून घामानं माझा शर्ट पाठीला चिकटलेला. खिशात ते प्रतिज्ञापत्र. निवडणूक अधिकारी एक मॅडम होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या, चष्मा सारखा वर ढकलायच्या. एकामागून एक अर्ज होत गेले. डॉक्टरांचा नंबर आला तसे गाळेवाल्यांचे वकील उठले. हरकत आहे, म्हणाले. दहाव्या सूचकाची सही बनावट आहे, आणि खुद्द सूचक तसं प्रतिज्ञापत्र द्यायला हजर आहेत. कॉलेजवाल्यांचे वकील मान डोलवून राह्यले. डॉक्टरांनी वळून माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई, गोंधळून. आजारी बैलाच्या मालकाकडं बघायचे तसं, की बाबा, सांग काय झालंय.

मॅडम म्हणाल्या, “या पुढे. प्रतिज्ञापत्र आणलंय?”

मी खिशातून काढलं. मॅडमनी वाचलं. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “यावर सही नाही. करा माझ्यासमोर.” आणि स्वतःचं पेन पुढं केलं.

काय काय ठरवून गेल्तो मी! आडनाव आधी, मंग पहिलं अक्षर, शेवटी रेघ. वीस कागद भरले होते. पेन टेकवला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. भीतीनं डोकं बंद पडलं माझं, साफ बंद. आणि डोकं बंद पडल्यावर हातानं त्याला येत होतं तेवढंच केलं. झटक्यात. नेहमीची.

मॅडमनी प्रतिज्ञापत्र घेतलं, अर्जाशेजारी ठेवलं. चष्मा वर ढकलला. एकदा इकडं, एकदा तिकडं. मंग त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं, ते त्यांनी दाबलं. “सही माझी नाही, असं म्हणता, आणि सही तर तीच करता. आता तोंडानं सांगा. अर्जावरची ही सही तुमची आहे की नाही?”

आता दुसरं काय सांगणार? “आहे,” मी म्हणालो.

“हरकत फेटाळली. पुढचा अर्ज.”

खोलीत जो गलका झाला! डॉक्टरांनी मला कवटाळलं. बाहेर आलो तर ते नऊ सूचक, टपरीवाला, कचेरीतले दोन-चार जण, सगळ्यांनी मला घेरलं. “काय डाव टाकला मामा! दोघांना दुकानापर्यंत येऊ दिलं, कागद टाईप करून दिला, आणि ऐन वेळी चारी मुंड्या चीत!” कुणाला वाटलंच न्हाई की मी खरंच नाकारायला गेल्तो. डॉक्टरांनासुद्धा न्हाई. संध्याकाळपर्यंत तालुकाभर गोष्ट पसरली. लोक दुकानात येऊन हात मिळवून जायचे. मी म्हणायचो, तसं काही न्हाई हो, तर म्हणायचे, बघा, नम्रता बघा!

आणि लोकांना जसं वाटलं तसंच त्या दोघांनाही वाटलं ना. मी भ्यालेला माणूस होतो, आता त्यांच्या हिशोबात मी त्यांना बनवणारा माणूस झालो. माझ्या पाचावर धारण बसली होती ती त्यासाठी.

चौथ्या दिवशी पोरीला कॉलेजातून सांगितलं, सध्या येऊ नका, तास बसले की कळवू. तिनं घरी येऊन एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन माझ्याबरोबर दुकानात यायला लागली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसायची. मराठी टायपिंग तिला माझ्यापेक्षा लवकर आलं. गाळ्याबद्दल मात्र कोणी काही बोललं न्हाई, आणि तेच वाईट होतं. गाळेवाल्यांचा तो माणूस रोज दुकानावरून जायचा, थांबायचा न्हाई, नुसता बोर्डाकडं बघायचा.

डॉक्टरांना चिन्ह मिळालं खाट. त्यांनी खरोखर एक बाज जीपच्या टपावर बांधली आणि गावोगाव फिरले. लोक हसायचे, पण थांबून ऐकायचे. मी एकाही सभेला गेलो न्हाई. डॉक्टर म्हणाले, नको येऊस, तू तुझं काम केलंस.

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला बसलो, ते सांगतो.

मतांची मोजणी बूथवार होते, हे मी कागदातला माणूस असल्यानं मला पक्कं माहीत. कोणत्या बूथवर कोणाला किती, सगळं छापून येतं. आमचा बूथ म्हणजे बाजार समितीमागची शाळा. तिथले बहुतेक मतदार गाळ्यांतलेच, सगळे गळ्यापर्यंत बांधलेले. तिथं खाटेला कोण मत देणार? दिली तर आमच्याच घरातून. तीन मतं पडली की ती कोणाची, हे लहान पोरगंही सांगेल. आणि मार्चात करार संपतो. तेच शून्य दिसलं, तर त्यांना कळंल की मामा झुकला. कदाचित विसरतील.

मतदानाच्या सकाळी मी दोघींना समोर बसवलं. “हात जोडतो,” म्हणालो. “या वेळी गाळेवाल्यांना टाका. आपल्या तीन मतांनी डॉक्टर काही निवडून येत न्हाईत. तीन मतांनी आपला गाळा मात्र जाईल.” बायकोनं पदर डोक्यावर घेतला आणि “बरं” म्हणाली. पोरगी चप्पल घालत होती. तीही म्हणाली, “बरं अप्पा.”

आणि मी गेलो. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मी एकटा, जगातलं कोणी बघत न्हाई. मशिनीवर खाट होती, बराबर तिसऱ्या नंबरला. जे तिसरं बटण मी तीस वर्षं टपरीवर मागत होतो, ज्याच्यासाठी माझी पोरगी घरी बसली. बोट तिथपर्यंत गेलंसुद्धा. तेवढ्यात मागं कुणीतरी खोकलं. बूथवरचा एजंट असेल, सर्दी झाली असेल बिचाऱ्याला. मी दचकलो आणि वरचं जुनं बटण दाबलं. मशीन वाजली. बाहेर येऊन शाई लागलेलं बोट सगळ्यांना दाखवलं, आणि लोक म्हणाले, मामा, खाट ना? मी हसलो.

निकाल लागला. दोघांतलाच एक आला. कोणता, ते सांगून काय फरक पडतो. डॉक्टरांचं डिपॉझिट गेलं, पण काही गावांत त्यांना लोकांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त मतं पडली, आणि दोन्ही घरांत त्याची कुजबुज झाली.

काही दिवसांनी दुपारी डॉक्टर दुकानात आले. मोबाईलमध्ये बूथवार यादी होती. “लेका, काढून दे छापून. कोणत्या गावानं काय केलं बघू दे. पुढच्या वेळी मी नसेन, दुसरं कोणी असंल, त्याला उपयोगी पडंल.” पोरीनंच प्रिंट काढली. डॉक्टर बाकावर बसून पेनानं एकेक ओळ टिपत गेले. मी काउंटरमागं उभा होतो. मला माहीत होतं आमच्या बूथपुढं काय असणार. शून्य. मी मनात उत्तर तयार करून ठेवलं होतं, की मशीनचा काही घोळ झाला असंल डॉक्टर.

पेन थांबलं. “हा तुमचा बूथ. दोन.”

दोन?

मी पोरीकडं बघितलं. ती स्क्रीनकडं बघत होती, कुणाचातरी वारसाचा अर्ज टाईप करून राह्यली होती. ‘बरं’ म्हणालेल्या दोघी. घरातला एक पुरुष सोडून.

डॉक्टर बोटं मोजत होते. “घरात तुम्ही तिघं ना रे? एक तर तुझं, ते तालुक्याला माहीत आहे. वैनींचं एक. मंग...” ते थांबले. माझ्या पोरीकडं बघून आवाज अगदी मऊ केला, जनावराजवळ जाताना करायचे तसा. “बाई, घाबरलीस का गं तू? घाबरली असशील. नोकरी गेली लेकराची. मला बिलकुल राग न्हाई बरं का. होतं असं.”

मला बोलायचं होतं. देवाशपथ, शब्द ओठापर्यंत आले. डॉक्टर, ती न्हाई, मी. एवढंच. बाहेर एक मोटारसायकल थांबली आणि मी दरवाजाकडं बघितलं.

पोरीची बोटं कीबोर्डवर थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, फार वेळ न्हाई.

“हो काका,” ती म्हणाली. “घाबरले मी.”

डॉक्टर उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, यादीची घडी करून खिशात घातली आणि गेले. मोटारसायकलवाला पत्ता विचारून निघून गेला. पोरीनं अर्ज पूर्ण केला, प्रिंट काढली, आणि कागद माझ्यासमोर सरकवला.

“अप्पा, सही राह्यली.”

डावा कोपरा. मी पेन उचलला, टेकवला. हात हललाच न्हाई. गिऱ्हाईक समोर उभं होतं, पोरगी वाट बघत होती, आणि मी त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत बसलो.